शंभरातून उरलेलं : कोळंबीचं खाद्य, कर्बोदकं आणि ‘वाढ’ या शब्दाची चिकित्सा



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस कोळंबीच्या खाद्यावर काय बोलणार? शंका रास्त आहे. कोळंबी कशी वाढवावी हे मी सांगणारही नाही. ते सांगायला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय आहे, चेन्नईला निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था आहे. मी फक्त एक वाक्य तपासायला घेतलं आहे. ते असं : ‘खाद्यात कर्बोदकं अमुक टक्के ठेवली की कोळंबीची वाढ सर्वांत चांगली होते.’

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या शेकडो शोधनिबंधांचा निष्कर्ष या साच्यातला आहे. कोळंबीची जात आणि टक्केवारी बदलते, साचा तोच राहतो. आणि हे वाक्य निबंधात पडून राहत नाही. तिथून ते खाद्याच्या कारखान्यात जातं, पोत्यातून तळ्यावर येतं, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत, गुजरातेत, आंध्रात, जो माणूस कर्ज काढून बीज सोडतो त्याच्या हिशेबाच्या वहीत उतरतं. कोळंबीच्या शेतीत एकूण खर्चाचा निम्मा किंवा त्याहून मोठा भाग एकट्या खाद्यावर जातो. म्हणून या वाक्यातला प्रत्येक शब्द काय वजनाचा आहे हे पाहणं हा केवळ शब्दांचा खेळ नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे शेतीतली कोळंबी म्हणजे एके काळी वाघी कोळंबी, पिनिअस मोनोडॉन. नव्वदीच्या दशकात पांढऱ्या डागांच्या विषाणूने ती तळीच्या तळी झोपवली. पुढे २००९ मध्ये व्हॅनामी या जातीला आपल्या देशात परवानगी मिळाली. ती मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. आज भारतात शेतीत वाढणारी बहुतेक कोळंबी हीच. तिच्या खाद्यात साधारण ३० ते ४० टक्के प्रथिनं असतात. त्यातली काही फिशमीलमधून, म्हणजे तारलीसारख्या मासळीच्या भुकटीतून येतात, काही सोयाबीनच्या पेंडीतून. गव्हाचं पीठ, तांदळाचा कोंडा, कणी, टॅपिओका यांतून कर्बोदकं येतात. फिशमील महाग आणि पीठ स्वस्त, एवढं एक सत्य डोक्यात ठेवा. पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

आता ज्याच्यावर टीका करायची त्याचं आधी भलं बोलावं. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्ष मांडू नये, ही आपली जुनी शिस्त आहे.

या संशोधनाने दोन-तीन गोष्टी पक्क्या दाखवल्या. पहिली, कोळंबीला साधी ग्लुकोज मानवत नाही. १९७०च्या दशकात जपानमध्ये कुरुमा कोळंबीवर काम झालं तेव्हाच हे दिसलं. ग्लुकोज दिली की तिच्या रक्तातली साखर झटकन चढते आणि बराच वेळ चढलेलीच राहते. स्टार्च दिला तर चढून पुन्हा उतरते. १९८७ मध्ये फिलिपिन्समधल्या अलावा आणि पास्कुअल या संशोधकांनी वाघी कोळंबीवर ग्लुकोज, सुक्रोज आणि ट्रेहलोज या तीन शर्करा ताडून पाहिल्या. त्यातही ग्लुकोज मागेच पडली.

याचं कारण शरीररचनेत आहे. आपल्यासारखी इन्सुलिनची घट्ट यंत्रणा तिच्यात दिसत नाही. तिच्या साखरेचा एक मोठा कारभारी बसतो कुठे, तर डोळ्याच्या देठात! १९४४ मध्ये अब्रामोविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, कवचधारी प्राण्यांच्या डोळ्याच्या देठाचा अर्क टोचला तर रक्तातली साखर वाढते. साखर वाढवणारा संप्रेरक सापडला, पण ती तितक्याच चपळाईने उतरवणारा जोडीदार तिच्याकडे नाही. म्हणून हळूहळू पचणारा स्टार्च बरा.

दुसरी गोष्ट : कर्बोदकं मिळाली तर कोळंबी ऊर्जेसाठी प्रथिनं कमी जाळते. याला ‘प्रथिनांची बचत’ म्हणतात. चुलीत सागवान घालण्यापेक्षा काटक्या घालाव्यात, तसं. तिसरी : सगळ्या जाती सारख्या नाहीत. कुरुमा कोळंबी अधिक मांसाहारी, तिला प्रथिनं जास्त लागतात. व्हॅनामी सर्वभक्षी, तिला पीठ बऱ्यापैकी पचतं. हे सगळं कष्टाने मिळवलेलं ज्ञान आहे, त्याबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप या ज्ञानापासून आपण ज्या वाक्यावर उडी मारतो, त्या उडीवर आहे.

पहिला शब्द घेऊ : ‘कर्बोदकं’.

खाद्याच्या पोत्यावरचा तक्ता पाहा. प्रथिनं किमान इतकी, स्निग्धांश किमान इतका, तंतू कमाल इतके, ओलावा कमाल इतका. कर्बोदकं? बहुधा नसतातच. आणि अनेक निबंधांतल्या तक्त्यांत ती असतात तेव्हा तीही मोजलेली नसतात. मग आकडा येतो कुठून? शंभरातून ओलावा, प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि राख वजा करायची. जे उरेल ते कर्बोदक! त्याला ‘नायट्रोजनमुक्त अर्क’ असं भारदस्त नाव आहे. ही पद्धत जर्मनीतल्या व्हेंडे इथल्या प्रयोगशाळेत १८६०च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी बसवली गेली. आजही ती चालते.

उपनिषदांत ब्रह्माचं वर्णन ‘हे नाही, तेही नाही’ असं करतात, कारण ते शब्दांत मावत नाही. गव्हाच्या पिठाबद्दल अशी काही अडचण नाही, ते मोजता येतं! तरी आपण त्याचं वर्णन नकाराने करतो. परिणाम असा की, इतर पाच मोजण्यांत जी चूक होईल ती सगळी या सहाव्या आकड्यात येऊन साचते. शिवाय त्यात पचणारा स्टार्च, साखर आणि फारसे न पचणारे इतर घटक एकाच पोत्यात बांधले जातात. कोळंबीच्या आतड्याला मात्र त्यांतला फरक चांगलाच कळतो.

याहून गमतीची गोष्ट प्रथिनांची. प्रथिनंही थेट मोजत नाहीत. १८८३ मध्ये डेन्मार्कमध्ये केल्डाल यांनी शोधलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणतात. आता कोळंबीच्या खाद्यात कधीकधी कोळंबीचीच डोकी आणि कवचं दळून घालतात. कवचात असतं कायटिन. कायटिन हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने कर्बोदक आहे, पण त्यात नायट्रोजन आहे, सुमारे ६.९ टक्के. गुणाकार करा. १०० ग्रॅम शुद्ध कायटिन या पद्धतीत ४३ ग्रॅम ‘प्रथिन’ म्हणून नोंदलं जाईल. म्हणजे एक कर्बोदक प्रथिनांच्या खात्यात जमा, आणि कर्बोदकांच्या खात्यातून गायब. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन मिसळणाऱ्यांनी याच फटीचा फायदा घेतला होता. इथे कुणाची लबाडी नाही, फक्त मोजण्याची सवय आहे. पण ज्या दोन गोष्टींची अदलाबदल करून आपण निष्कर्ष काढणार, त्यांच्यामधली भिंतच अशी पातळ आहे.

दुसरा शब्द : ‘अमुक टक्के’.

टक्के म्हणजे शंभरातले. साधी गोष्ट आहे, पण तिचा परिणाम साधा नाही. खाद्यात स्टार्च २० वरून ३० टक्क्यांवर नेला, तर ते दहा टक्के कुणाच्या तरी जागेवर येऊन बसले. कुणाच्या?

एका संशोधकाने सेल्युलोज कमी केलं. म्हणजे न पचणारा भुसा काढून पचणारं पीठ घातलं. अर्थातच खाद्यातली ऊर्जा वाढली. वाढ चांगली झाली तर ती स्टार्चमुळे की एकूण ऊर्जा वाढल्यामुळे? दुसऱ्याने प्रथिनं कमी केली. आता वाढ खुंटली तर ती स्टार्चच्या अतिरेकाने की प्रथिनांच्या तुटवड्याने? तिसऱ्याने ऊर्जा सारखी ठेवण्यासाठी स्निग्धांश कमी केला. एका ग्रॅम स्निग्धांशात साधारण नऊ किलोकॅलरी, एका ग्रॅम स्टार्चमध्ये चार. म्हणजे दहा टक्के स्टार्चची ऊर्जा साडेचार टक्क्यांच्या आत स्निग्धांश देतो, आणि उरलेली जागा पुन्हा भुशाने भरावी लागते. तिघांनीही ‘कर्बोदकांचा वाढीवर परिणाम’ अशाच मथळ्याचा निबंध लिहिला. तिघांचे आकडे वेगवेगळे आले. मग चौथा येतो, तिन्ही निबंध एका तक्त्यात मांडतो आणि म्हणतो, ‘याबाबत संशोधकांत मतभेद आहेत.’ मतभेद कुठले? तिघांना तीन वेगळे प्रश्न विचारले होते!

इथे मला आपल्या नैयायिकांची आठवण होते. धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशाने येतो? ओल्या सरपणाशी अग्नीचा संयोग झाला म्हणून. हे ओलं सरपण म्हणजे ‘उपाधी’, संबंधात गुपचूप शिरलेली अट. उपाधी लक्षात आली नाही की माणूस अग्नीलाच धुराचं कारण समजून बसतो. कर्बोदकं आणि वाढ यांचा संबंध असा सोपाधिक आहे. कशाच्या जागी, हे त्यातलं पहिलं ओलं सरपण.

दुसरं सरपण तर गोळीतच आहे. कोळंबी मासा गिळतो तसं खाद्य गिळत नाही. ती गोळी पायांनी धरते, फिरवते, कुरतडते. वेळ लागतो. तोवर गोळी पाण्यात फुटता कामा नये. गव्हाचं पीठ वाफेवर शिजून चिकट होतं आणि गोळीला बांधून ठेवतं. म्हणजे पीठ हे अन्नही आहे आणि खळही आहे. पीठ वाढवल्यावर वाढ सुधारली, तर ती पिठाच्या पोषणाने सुधारली की गोळी जास्त वेळ टिकली, प्रथिनं पाण्यात विरघळून गेली नाहीत, म्हणून सुधारली? ग्लुकोजच्या निकालातही ही शंका थोडी उरते, कारण ग्लुकोज पाण्यात लगेच विरघळते. किती पोटात गेली आणि किती टाकीत, हे सांगणं सोपं नाही. चांगले संशोधक गोळीचा टिकाऊपणा वेगळा मोजून देतात. तो दिला नसेल तर त्या निबंधातल्या टक्केवारीचा अर्थ लागत नाही.

तिसरा शब्द, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा : ‘वाढ’.

आपली मुलं वाढतात तशी कोळंबी वाढत नाही. तिच्या अंगावर कवच आहे, ते ताणलं जात नाही. म्हणून ती कात टाकते. कात टाकल्यावर पाणी शोषून घेऊन फुगते, नवं कवच त्या फुगलेल्या मापाने घट्ट होतं, आणि मग आतल्या पाण्याची जागा हळूहळू मांस घेतं. म्हणजे वाढ पायरीपायरीने होते, आणि पायरी चढल्याचं वजन आधी पाण्याचं असतं. ज्या दिवशी वजन केलं त्या दिवशी टाकीतल्या किती कोळंब्या नुकत्या कात टाकलेल्या होत्या, हे माहीत नसेल तर ओल्या वजनातला थोडा फरक मांसाचा की पाण्याचा हे कसं ठरवणार? आणि नवं कायटिन बनवायला लागणारा कच्चा माल ग्लुकोजपासूनच तयार होतो. तेव्हा कर्बोदकं वाढीचं नुसतं इंधन नाहीत, कवचाच्या बांधकामात त्यांचा हात आहे. वाढ ‘चांगली’ म्हणजे मांस वाढलं की कवच, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

दुसरं असं की, वाढ बहुधा सरासरी वजनात सांगतात. समजा, दोन टाक्या आहेत. प्रत्येकीत एक-एक ग्रॅमच्या ३० कोळंब्या सोडल्या. आठ आठवड्यांनी पहिल्या टाकीत २७ जगल्या, सरासरी ८ ग्रॅम. दुसरीत १८ जगल्या, सरासरी ९.५ ग्रॅम. ‘वाढ’ कुठे चांगली? सरासरी म्हणते दुसरीत. पण पहिल्या टाकीत एकूण माल २१६ ग्रॅम, दुसरीत १७१. दुसरीतल्या मोठ्या झाल्या कारण सोबतिणी मेल्या, जागा मोकळी झाली, आणि कदाचित मेलेल्या सोबतिणीही पोटात गेल्या. हा आकडा मी समजावण्यासाठी घेतला आहे. पण जगण्याचं प्रमाण बाजूला ठेवून वाढीचा आलेख काढला की असंच होतं. मेलेल्यांच्या जागेवर उभं राहून जिवंतांनी उंची मोजावी, तसं.

आता चौथा शब्द : ‘सर्वांत चांगली’.

प्रयोगात स्टार्चच्या पाच-सहा पातळ्या घेतात. समजा १०, १५, २०, २५, ३०, ३५. निकालांवरून एक वक्ररेषा बसवतात आणि तिचं शिखर शोधतात. मग निष्कर्षात दशांशचिन्हानंतर दोन अंक असलेली टक्केवारी येते. आता या रेषेचं शिखर सह्याद्रीतल्या सुळक्यासारखं नसतं, पठारासारखं असतं. शिखराच्या अलीकडे-पलीकडे बराच अंतर वाढीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. शिवाय पातळीमागे टाक्या बहुधा तीनच. टाकीत कोळंब्या तीस असल्या तरी खाद्य टाकीला दिलंय, पाणी टाकीचं एक आहे. म्हणून प्रयोगाचं एकक टाकी, कोळंबी नव्हे. रॉनल्ड फिशर यांनी १९३५ च्या पुस्तकात प्रयोगाच्या मांडणीची जी शिस्त घालून दिली तिचा हा पाया आहे, आणि १९८४ मध्ये स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी परिसरशास्त्रज्ञांना ‘खोटी पुनरावृत्ती’ म्हणून ज्या चुकीबद्दल फटकारलं ती चूक हीच : तीनाचे नव्वद करणं. तीन-तीन टाक्यांच्या जोरावर दोन दशांशांपर्यंत बोलणं म्हणजे वावेने जमीन मोजून गुंठ्यांचे दशांश सातबाऱ्यावर चढवण्यासारखं आहे.

पण माझा मूळ मुद्दा आकडेवारीचा नाही. ‘सर्वांत चांगली’ कुणाच्या दृष्टीने? इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कोळंबीला काही अमायनो आम्लं लागतातच, काही स्निग्धाम्लं लागतातच, कोलेस्टेरॉलही बाहेरून लागतं, कारण ती ते स्वतः बनवू शकत नाही. ही तिची गरज. कर्बोदकांची अशी किमान गरज ठरलेली नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०११ मध्ये मासे आणि कोळंबी यांच्या पोषणावर जो संदर्भग्रंथ काढला त्याचीही भूमिका अशीच आहे. कर्बोदकं नसली तर कोळंबी प्रथिनांतून आपलं भागवते.

मग ‘कर्बोदकांची आवश्यक पातळी’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय? आवश्यक कुणाला? गोळी बांधायला कारखान्याला आवश्यक. खाद्य स्वस्त करायला आपल्याला आवश्यक. समुद्रातली तारली कमी दळायची असेल तर पर्यावरणाला आवश्यक. या तिन्ही गरजा खऱ्या आहेत आणि चांगल्या आहेत! पण त्या कोळंबीच्या शरीराच्या गरजा नाहीत. आपण केलेला तो सौदा आहे : महाग प्रथिनांच्या जागी स्वस्त पीठ, कोळंबी सोसेल तितकं. ‘तिला किती हवं?’ आणि ‘ती किती सोसेल?’ हे दोन प्रश्न वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच्या वेष्टनात दिलं की सौद्याचं रूपांतर निसर्गनियमात होतं. निसर्गनियमाशी घासाघीस करता येत नाही. सौद्याशी करता येते, करायलाच हवी. माझी टीका एका वाक्यात सांगायची तर ही आहे.

हा फरक तळ्यात गेल्यावर किती मोठा होतो ते पाहा. प्रयोग बहुधा स्वच्छ पाण्याच्या टाकीत होतात, म्हणजे कोळंबीला खाद्याशिवाय काही मिळू नये. तळ्यात तसं नसतं. शेवाळ, जंतू, किडे, तळाचा गाळ, सगळं ती खाते. १९८७ मध्ये अँडरसन, पार्कर आणि लॉरेन्स यांनी कार्बनच्या समस्थानिकांचा माग काढून दाखवलं की, त्यांच्या तळ्यातल्या व्हॅनामीच्या वाढीपैकी ५३ ते ७७ टक्के वाढ तळ्यातल्या नैसर्गिक खाद्यातून झाली होती. पोत्यातल्या खाद्याचा वाटा निम्म्याहून कमी! दाटी वाढवली की हा वाटा बदलतो, हे खरं. पण टाकीतली टक्केवारी जशीच्या तशी तळ्यावर नेणं किती धाडसाचं आहे हे यातून कळावं.

आणि तळ्यात कर्बोदकांची दुसरीच वाट आहे, जी कोळंबीच्या तोंडातून जात नाही. इस्रायलचे योराम अव्हनिमेलेक यांनी १९९९ मध्ये तिचा हिशेब मांडला. कोळंबीच्या विसर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो, तो विषारी. पाण्यात साखर घातली तर जीवाणू ती खातात, आणि आपलं शरीर बांधण्यासाठी हा अमोनिया उचलतात. त्या जीवाणूंचे पुंजके, ज्यांना बायोफ्लॉक म्हणतात, ते कोळंबी खाते. हिशेब सोपा आहे. कर्बोदकात निम्मा कार्बन. जीवाणू त्यातला ४० टक्के अंगी लावतात. त्यांच्या शरीरात चार भाग कार्बनला एक भाग नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उचलायला सुमारे २० ग्रॅम कर्बोदक. आता ३५ टक्के प्रथिनांचं एक किलो खाद्य घ्या. त्यात ३५० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ५६ ग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा, २८ ग्रॅम, अमोनियाच्या रूपात पाण्यात गेला असं धरलं, तर त्याला ५६० ग्रॅम कर्बोदक लागेल. किलोभर खाद्यामागे अर्ध्या किलोहून जास्त!

मळीच्या बाबतीत महाराष्ट्राला काय तोटा? साखर कारखाने आहेत. पण इथेही ओलं सरपण आहे. जीवाणू साखर खातात तेव्हा प्राणवायू ओढतात. एरेटर चालू असेल तर ठीक. रात्री दोन वाजता वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर ज्या मळीने अमोनिया उतरवला तीच पहाटेपर्यंत कोळंबीचा जीव घेऊ शकते. म्हणजे कर्बोदकांच्या टक्केवारीचा प्रश्न अखेरीस विजेच्या तारेशी येऊन थांबतो. टाकीतल्या प्रयोगात वीज जात नाही.

या टीकेतून कुणी ‘विज्ञान खोटं’ असा अर्थ काढू नये. मी फक्त एवढंच मागतो आहे की, निष्कर्षाचं वाक्य त्याच्या अटींसकट बोललं जावं. ‘स्टार्च इतके टक्के’ असं म्हणण्याऐवजी : शिजवलेला गव्हाचा स्टार्च, सेल्युलोजच्या जागी, एवढी प्रथिनं स्थिर ठेवून, एवढ्या खारटपणाच्या स्वच्छ पाण्यात, एक ते आठ ग्रॅमच्या व्हॅनामीला, अमुक ते अमुक टक्क्यांच्या पट्ट्यात, एवढ्या जगल्या. वाक्य लांबलं? लांबू दे. छोटं वाक्य छापायला सोपं असतं, पण त्यातून गाळलेल्या अटींची किंमत शेवटी तळ्यावरचा माणूस मोजतो. निबंध मागे घ्यावा लागत नाही, कारखान्याचं पोतं विकलेलं असतं, हंगाम मात्र त्याचा जातो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न (एक कोळंबी संवर्धक) : सर, म्हणणं पटलं. पण तळ्यावर उभं राहून आम्ही नेमकं काय करायचं?

उत्तर : मी सल्लागार नाही, तेव्हा औषध देत नाही, विचारायचे प्रश्न देतो. खाद्य विकणाऱ्याला विचारा : या खाद्यात पीठ वाढवलंय ते कशाच्या जागी? गोळी तुमच्या तळ्याच्या पाण्यात किती वेळ टिकते, हे चेक ट्रेमध्ये स्वतः पाहा, त्याला शोधनिबंध लागत नाही. आणि नव्या खाद्याचा निकाल नुसत्या काउंटवरून लावू नका. किती जगल्या, एकूण माल किती निघाला, किलोमागे खाद्य किती लागलं, अमोनिया किती चढला, या चार गोष्टी एकत्र मांडा. शक्य असेल तर सगळी तळी एकदम बदलू नका, काही जुन्या खाद्यावर ठेवा. ताडून पाहायला काही ठेवलं नाही तर आलेला फरक खाद्याचा की हवामानाचा, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि विकणाऱ्यालाही.

प्रश्न (एक विद्यार्थिनी) : मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मग स्वच्छ पाण्याच्या टाकीतले प्रयोग बंद करावेत असं तुमचं म्हणणं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. नैयायिकांचा तो लोखंडाचा तापलेला गोळा आठवा. तो रोजच्या स्वयंपाकात कुणाला लागत नाही. पण तो होता म्हणून कळलं की धूर एकट्या अग्नीमुळे येत नाही. तुमची टाकी म्हणजे तो गोळा. तिच्यात मुद्दाम ओलं सरपण ठेवलेलं नसतं, म्हणून एकटं कर्बोदक काय करतं ते दिसतं. टाकी जरूर ठेवा. फक्त प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहिताना, तळ्यात कुठलं सरपण ओलं आहे याचीही एक यादी करा. ती यादी वाचून तुमच्या नंतरचा विद्यार्थी आपला प्रयोग मांडू शकेल.